चौदा नंबरची भिंत

बाबांचा रोजचा रिपोर्ट मी लिहायचे. दोह्यात अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी एक घडीचं टेबल होतं. संध्याकाळी बाबा साइटवरून आले, हातपाय धुऊन, नमाज पढून चहाला बसले, की त्या टेबलावर कंपनीचा छापील कागद यायचा. वरती हवामान, मग माणसं किती, मग आज कोणतं काम झालं, मग अपघात, आणि खाली सही. बाबा मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायचे. ‘हवा गरम’ असं ते बारा महिने सांगत. जानेवारीत अंगात स्वेटर असताना एकदा मी म्हटलं, बाबा, आज तरी थंड लिहू का, तर म्हणाले, लिही, पण साहेबाला वाटेल मुकादम बदलला. अपघात नाही, हे ते थोडं थांबून सांगायचे, आठवून बघितल्यासारखं. लिहून झालं की म्हणायचे, वाचून दाखव. मी इंग्रजीच वाचायचे, त्यातलं त्यांना फारसं कळायचं नाही, पण कुठला दगड, कुठली भिंत, किती थर, हे आकडे आले की मान डोलवायचे. शेवटी मी सहीच्या जागेवर बोट ठेवायचे आणि ते बोटाच्या पुढे आपलं नाव काढायचे. लिहायचे म्हणत नाही मी. चित्र काढावं तसं ते काढायचे, एका दमात, पेन न उचलता.

बाबा दुसरीतून शाळा सोडून आजोबांबरोबर गवंडीकामाला गेले होते. म्हसळ्याकडच्या आमच्या गावात चिऱ्याची जी बरी घरं आहेत, त्यातली निम्मी आजोबांच्या हातची. शिंपल्या भाजून चुना करायचा, तो मळायचा, जिभेला लावून बघायचा, हे सगळं बाबांना त्यांच्याकडून आलं. कतारला आल्यावर अठरा वर्षं त्यांनी सिमेंटचे ठोकळे रचले. त्यातून मुकादम झाले, मुकादमाला कंपनीने फ्लॅट आणि फॅमिली व्हिसा दिला, आणि मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए.चा निकाल घेऊन, मां आणि धाकटा भाऊ सलीम यांच्याबरोबर दोह्याला आले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. इंग्रजीच्या सरांनी आम्हाला व्याकरण इतकं घोटून शिकवलं होतं की मी निबंध बिनचूक लिहायचे. बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. सलीम आठवीत, इंग्रजी शाळेत. मां त्याला जेवायला ये म्हणायची तर तो ‘कमिंग’ म्हणायचा आणि यायचा नाही.

त्या फ्लॅटचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खिडकीतला एसी बंद होताना एक धक्का द्यायचा, त्याने मांचे स्टीलचे डबे किणकिणायचे. खाली रस्त्याला नळ्यांनी भरलेले ट्रक. सगळं दोहा तेव्हा खणून ठेवलं होतं. आज जिथे वाळूचा ढीग दिसला तिथे महिन्याने काच लागलेली असायची. बाबा पहाटे साडेचारला बसने जायचे आणि परत येईपर्यंत त्यांच्या कपाळावर टोपीची पांढरी रेघ उमटलेली असायची. मां तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, सुकटीच्या वासावरून शेजारच्या बाईशी तिचं वाजलेलं असायचं, आणि आम्ही सगळेच, कोणी काही विशेष न करताही, थकलेले असायचो. मला तेव्हा वाटायचं, हा उन्हाचा थकवा आहे. आज वाटतं, आम्ही चौघंही सतत नीट वागत होतो, कागद जपत होतो, कोणाला दुखवत नव्हतो, त्याचा तो शीण होता.

त्या वर्षी बाबांची बदली उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका ओसाड गावात झाली. दोह्यापासून दीड तास. सोनं सापडलं म्हणून रातोरात वसलेली आणि सोनं संपल्यावर टाकून दिलेली गावं जगात असतात, ती मी पुस्तकात वाचली होती. हे तसलंच, फक्त मोत्यांचं. एके काळी उन्हाळ्यात या किनाऱ्यावरून होड्या निघायच्या, माणसं नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जायची, आणि मोती मुंबईला जायचे. मग जपानमध्ये मोती पिकवायला लागले. पुढे जमिनीतून तेल निघालं. माणसं तेलाच्या कामावर गेली, दारं काढून नेली, आणि मागे राहिल्या भिंती, एक छोटी मशीद, खारं पाणी झालेली विहीर आणि गल्लीगल्लीत भरलेली वाळू. आता सरकारला ते गाव जपायचं होतं. सिमेंट चालणार नव्हतं, जुन्या पद्धतीचा चुना-जिप्सम हवा होता, आणि कंपनीत तसलं काम हाताला माहीत असलेला मुकादम एकच होता.

पहिल्या दिवशी बाबा घरी आले ते वेगळेच. चहा घेताना म्हणाले, बाय, त्या मशिदीच्या माळ्याला काथ्याची दोरी हाय, आणि गाठ आपल्याकडची हाय. तुझा आजा जशी मारायचा तशीच. मां म्हणाली, मग काय, तुमच्या बापाने बांधली? बाबा म्हणाले, बापाने नसेल, कुणीतरी आपल्याचने बांधली, गलबतातून आला असेल. त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये त्यांनी मला गाठीबद्दल लिहायला लावलं. रकाना नव्हता, म्हणून मी ‘इतर’ खाली लिहिलं.

कामाबरोबर एक कागदांचा गठ्ठा आला, अकरा पानं, इंग्रजी. परदेशी सल्लागार बाईंनी लिहिलेल्या सूचना. बाबांनी तो माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी सलीमला ताप होता, मी सकाळपासून त्याच्या उशाशी होते. पहिली चारपाच पानं मी नीट वाचून सांगितली. दगड जुनेच वापरा, सिमेंट नको, प्रत्येक भिंतीला नंबर द्या, फोटो काढा, मापं ठेवा. पुढे शब्द अवघड होत गेले. माझ्याकडे डिक्शनरी होती, वरच्या फळीवर, हाताला येईल अशी. पण बाबा माझ्याकडे बघत होते, एखाद्या डॉक्टरकडे बघावं तसे, आणि त्यांच्यासमोर उठून शब्द शोधायची मला लाज वाटली. बी.ए. झालेली मुलगी. मी उरलेली पानं डोळ्यांखालून घातली आणि म्हटलं, बाकी असंच आहे बाबा, काळजीने करा, जुनं सामान वापरा. ते म्हणाले, तेवढंच ना, मग ते मना सांगायला नको. आणि उठले.

भिंत क्रमांक चौदा गावाच्या समुद्राकडच्या टोकाला होती. एका लहान घराच्या अंगणातली खोली, तिची बाहेरची भिंत. ती बाहेरच्या बाजूला झुकलेली होती, इतकी की तिच्या सावलीत बसायला मजूर घाबरायचे. बाबांनी तिचा प्रत्येक दगड कोळशाने नंबर घालून उतरवला. उतरवायच्या आधी ओळंबा लावून प्रत्येक थर किती बाहेर आहे ते मोजलं, बोटांनी, कारण टेप दुसऱ्या टोळीकडे होता. तळाला काही नाही, चौथ्या थराला दीड बोट, असं करत वरच्या थराला साडेसात बोटं. ते सगळं त्यांनी मला रिपोर्टमध्ये घालायला लावलं. बोटं कशी लिहू, मी विचारलं. मग सलीमच्या कंपासमधली पट्टी आणून आम्ही बाबांचं बोट मोजलं. चुन्याने जाड झालेलं ते बोट दोन सेंटीमीटरला एक रेघ जास्त भरलं, आणि त्या हिशेबाने मी सगळे आकडे मांडले. चार दिवसांनी भिंत पुन्हा उभी राहिली, दगड तेच, जागा तीच, आणि अगदी ओळंब्यात. त्या संध्याकाळी बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. मीही माझी सगळी इंग्रजी त्यात ओतली होती.

शुक्रवारी त्यांनी आम्हाला ती भिंत दाखवायला नेलं. जोशीसाहेब म्हणून पुण्याचे इंजिनियर होते, त्यांनी कंपनीचा पिकअप दिला होता. मांने सुरमई तळून घेतली, भाकऱ्या फडक्यात, आमसुलाचं सार फ्लास्कमध्ये. ते गाव मी पहिल्यांदा पाहिलं. ओहोटी लागली होती, समुद्र लांब गेला होता, आणि मध्ये चिखलाचं करडं मैदान चमकत होतं. गल्लीतून चालताना पायाखाली शिंपल्या करकरायच्या. छप्पर नसलेल्या खोल्यांतून कोनाडे दिसायचे, दिव्याचे, आणि एका कोनाड्याला वर काजळी होती. इतक्या वर्षांत ती पुसली गेली नव्हती. सलीम पुढे पळत होता. मां मात्र दाराच्या उंबऱ्यापाशी थांबायची, कुणाच्या घरात न विचारता जाऊ नये तशी.

बाबांनी आम्हाला चौदा नंबरपुढे उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले. आजूबाजूच्या सगळ्या भिंती खचलेल्या, पोट सुटलेल्या, आणि ही एक ताठ. मां बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “गावच्या आपल्या चुलीची भिंत तेवढी वाकडी ठेवलीत. ती कोण सरळ करणार, कतारचं सरकार?”

“ती माझ्या हातची नाय,” बाबा म्हणाले. “माझा हात लागला असता तर वाकडी झाली नसती.”

त्या भिंतीच्या सावलीतच आम्ही जेवायला बसलो. जेवण अर्धं झालं असेल, तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी आली. तिच्यातून एक म्हातारा कतारी उतरला, काठी घेऊन, आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा, फोनवर बोलत. अशा म्हाताऱ्यांना इथे शैबा म्हणतात. शैबा गल्लीत शिरला, टोकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. आमच्यावरून तिसऱ्यांदा जाताना थांबला आणि विहिरीकडे, मशिदीकडे, मग पुन्हा आमच्याकडे बघू लागला, जणू पावलं मोजतो आहे. बाबा हात पुसत उठले आणि सलाम केला. त्यांना साइटवर पुरेल इतकं अरबी यायचं, पण शैबाच हिंदीत बोलला. लहानपणी दोन वर्षं तो मुंबईत राहिला होता, मोत्याच्या व्यापाऱ्याकडे. त्याने बाबांना विचारलं, इथे एक टेढी दीवार होती, ती कुठे गेली. बाबांचा चेहरा फुलला. हीच ती, त्यांनी सांगितलं, मीच सरळ केली. पडणार होती.

म्हाताऱ्याने भिंतीवर हात ठेवला. मग तो तिच्याच कडेला, आमच्या सतरंजीच्या टोकाशी, वाळूवर बसला. त्याचा मुलगा धावत आला, पण त्याने हाताने त्याला थांबवलं.

“मेरा बाप मिस्त्री नहीं था,” तो म्हणाला. “पानी का आदमी था. गर्मी में मोती निकालता था, सर्दी में ये दीवार बनाया. अकेला. पूरा गाँव हँसता था. हमारा घर का पता यही था, टेढ़ी दीवार.”

शैबाने वर बाबांकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी शोधत होते, पण नव्हता.

“तुम अच्छा बनाया. बहुत अच्छा. मगर अभी ये मेरा बाप का नहीं है.”

मांने त्याच्यापुढे सार ठेवलं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, शुक्रन म्हणाला. त्याचा मुलगा भिंतीचे फोटो काढत होता. फोनवर तो ज्या आवाजात बोलत होता, तो आवाज भाषा न कळताही कळत होता. ते गेल्यावर बाबा पुढे जेवले नाहीत. परतीच्या रस्त्यात दीड तास ते फक्त एकदा बोलले, तेही स्वतःशीच. तेला ओळंबा नसेल, म्हणाले. तेच्याकडे दोरीसुद्धा नसेल.

दोन दिवसांनी जोशीसाहेबांचा फोन आला. सरकारी खात्याकडे तक्रार गेली होती, सल्लागार बाई साइटवर येऊन गेल्या होत्या, आणि सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असताना भिंत सरळ कोणी केली, असं विचारत होत्या. त्या मुकादमाला कंपनीने काढावं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबा फोनवर म्हणाले, साहेब, माझीच चूक, मी विसरलो. फोन ठेवून त्यांनी मांला सांगितलं, कॅन्सल होईल बहुतेक. हा शब्द कतारमधल्या आमच्यासारख्या प्रत्येक घराला माहीत होता. व्हिसा कॅन्सल म्हणजे फ्लॅट, सलीमची शाळा, सगळं खलास, आणि महिन्याच्या आत विमान. मां उठली आणि तिने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. उघडली नाही. नुसती भिंतीला लावून ठेवली.

मी तो अकरा पानांचा गठ्ठा घेतला. या वेळी डिक्शनरी काढली. सातव्या पानावर ते होतं, तीन ओळींत. झुकलेल्या भिंती सरळ करू नयेत. आहेत त्या स्थितीत त्यांना टेकू द्यावा. त्यांचं झुकणं हा त्या घराच्या इतिहासाचा भाग समजावा. शब्द एवढे अवघडही नव्हते. दोनच मला अडले असते. बाबा विसरले नव्हते. त्यांना ते कधी सांगितलंच गेलं नव्हतं.

मी बाबांना जाऊन सांगितलं. ते गॅलरीत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, मना ठाऊक हाय. तू त्या दिवशी दमली होतीस. आता कुणाला सांगू नको. मी विचारलं, का? तर म्हणाले, माझं काम जाईल ते जाईल, तुझी बी.ए. तरी राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलीमला बरोबर घेऊन मी टॅक्सीने अल रय्यानला कंपनीच्या ऑफिसात गेले. मांला सांगितलं, त्याच्या शाळेचं काम आहे. त्या रस्त्याने मी किती वेळा वाक्य जुळवलं आणि मोडलं, ते सांगता येणार नाही. जोशीसाहेब फायलींच्या मागे बसले होते, जेवणाचा डबा अजून उघडलेला. मी जुळवलेली इंग्रजी सगळी विसरले आणि मराठीत म्हणाले, “साहेब, मी इस्माईल मुकादमांची मुलगी. बाबांना वाचता येत नाही. सूचना मी वाचून सांगितल्या. सातवं पान मी सांगितलंच नाही.”

त्यांनी मागच्या कपाटातून एक जाड फाइल काढून माझ्यापुढे ठेवली.

“म्हणजे हे रिपोर्ट तू लिहितेस?”

“हो.”

“अगं, मी बाईंना सांगत असतो, आमच्या कोकणातल्या मुकादमाची इंग्रजी बघा.” त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी पानं उलटली आणि चौदा नंबरच्या पानांवर थांबले. “हे प्रत्येक थराचं माप कोणी घेतलं?”

मी बोटांची आणि पट्टीची गोष्ट सांगितली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि ती दोन पानं पुन्हा सावकाश वाचली. मग म्हणाले, “हे नसतं तर मला काहीच करता आलं नसतं. ही भिंत होती तशी परत करता येईल. निदान हे मी बाईंना दाखवू शकतो.” आणि फाइल मिटून, “पण इस्माईलभाईंना मुकादम ठेवता येणार नाही. हे आता मला माहीत झालं ना. मुकादमाला कागद वाचता यायला हवा.”

जोशीसाहेबांचे उपकार मी विसरलेली नाही. त्यांनी सल्लागार बाईंपुढे ती पानं ठेवली, बाबांचा व्हिसा वाचवला, आणि दोन महिन्यांनी मला त्याच ऑफिसात कागदपत्रांच्या विभागात घेतलं. पुढे मी जे काही झाले, जिथे बसून आज हे लिहिते आहे, त्याची सुरुवात त्या टेबलापाशी आहे. पण त्या संध्याकाळी घरी जे झालं तेही लिहायलाच हवं, ते गाळलं तर हे सगळं खोटं होईल.

बाबांना साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. मी आले तेव्हा ते टेबलापाशी बसले होते, पुढे कोरा छापील कागद.

“मना वाचता येत नाय हे तेला सांगितलंस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, त्याशिवाय तुम्ही राहिला नसता.

“कॅन्सल झालो असतो तर गावी सांगितलं असतं, काम संपला, आलो. मुकादम झालो तेव्हापासून साहेब लोकांनी मना काय समजलं, ते तुला ठाऊक नाय. इस्माईल मुकादम लिहून देतो, असं समजलं. ते तू एका दुपारी दिलंस देऊन.” आवाज चढलेला नव्हता. मी बोलायला लागले, तर मांने मला हाताने गप्प केलं. त्यांनी तो कोरा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी मला कधी रिपोर्ट सांगितला नाही.

मुकादमाचा फ्लॅट गेला. आम्ही अल थुमामाला दोन खोल्यांत गेलो, तिथे विमानं इतकी खालून जायची की मांचे डबे एसीशिवायही किणकिणायचे. गावाच्या कामावर नवा मुकादम आला, स्वतः लिहिणारा. बाबा त्याच्या हाताखाली गवंडी म्हणून राहिले, आणि चौदा नंबरची भिंत दुसऱ्यांदा उतरवून पुन्हा वाकडी त्यांनीच बांधली. ते मला ऑफिसात आलेल्या कागदावरून कळलं. एक ओळ होती, काम पूर्ण झाल्याची. घरी ते त्याबद्दल बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. आम्ही एकमेकांशी वाईट वागत नव्हतो. पगार झाला की मी तो त्यांच्या हातात द्यायचे, ते मांच्या हातात द्यायचे. पण चहाच्या वेळी ते टेबलापाशी येत नसत. मी तिथे नोकरीची पुस्तकं वाचत बसायचे, आणि ते गॅलरीत, पाठ माझ्याकडे करून. अशी चार वर्षं गेली. ती सगळ्यात थकवणारी होती, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

मग ते गावी परतले. मां त्यांच्याबरोबर गेली, सलीम पुढच्या शिक्षणाला मुंबईला, आणि मी नोकरीवर राहिले. दरवर्षी मी महिनाभर जायचे. बाबांना दम लागायला लागला होता. अठरा वर्षांची सिमेंटची धूळ, डॉक्टर म्हणाले. ते ओटीवर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला त्याच्या घराची भिंत कुठे चुकली आहे ते सांगायचे. चुलीची भिंत मात्र तशीच होती, वाकडी. मां त्यावरून अजून बोलायची. एका वर्षी मी म्हटलं, गवंडी बोलावून ती सरळ करून घेऊ का? बाबा म्हणाले, राहू दे. ती तुझ्या आजाने शेवटची बांधली, डोळे गेल्यावर. मांने भाजी चिरायची थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्या भिंतीवरून टोमणे मारत होती, आणि त्यांनी हे कधी तिला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी, चहा झाल्यावर, त्यांनी मला हाक मारली.

“बाय, पेन हाय काय?”

मी आतून वही आणि पेन आणलं आणि त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. ते समोर बघत होते, रस्त्याच्या पलीकडे. थोडा दम घेऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहायला. इंग्रजीत करू नको, म्हणाले. त्या वहीचं पान माझ्याकडे आहे, ते इथे जसंच्या तसं उतरवते.

‘हवा गरम. माणसं तीन, आणि एक शैबा. भिंत नंबर चौदा. सगळे दगड उतरवले, पुन्हा लावले. ओळंबा पहिल्या दिवशीच खिशात ठेवला, काढला नाही. चौथ्या थराला दीड बोट बाहेर. पाचव्या थराला हात ऐकत नव्हता, आपोआप सरळ जात होता. तो थर तीनदा काढला. शैबा रोज यायचा, प्लास्टिकची खुर्ची टाकून समोर बसायचा. तो म्हणायचा, अजून, अजून. मी म्हणायचा, शेख, पडेल. तो म्हणायचा, माझ्या बापाची नाय पडली. मग मी देत गेलो. वरच्या थराला साडेसात बोटं. तो उठला, गल्लीच्या टोकाला गेला, तिथून चालत आला, आणि घरापाशी आपोआप थांबला. बस, म्हणाला. अपघात नाही. काम पूर्ण.’

“वाचून दाखव,” बाबा म्हणाले.

मी वाचून दाखवलं. आकडे आले तिथे त्यांनी मान डोलवली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग वही मांडीवर घेतली, आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.